चित्रातल्या घरात कुकर कुठे ठेवायचा?

प्रिय ताई,

कोथरूडला १९९६ सालच्या सोसायटीत आमचं दोन बेडरूमचं घर आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ६८० चौरस फूट. आम्ही दोघं आणि ८४ वर्षांच्या सासूबाई असे तिघं राहतो. मुलगा बेंगळुरूला असतो. येत्या फेब्रुवारीत त्याचं लग्न आहे आणि त्याआधी सगळं घर नव्यानं करून घ्यायचं, गणपतीपर्यंत संपवायचं, असा त्याचा हट्ट आहे. निम्मा खर्च तो उचलतोय. त्याचा एक मित्र इंटिरिअर डिझायनर आहे. त्यानं थ्रीडी चित्रं आणि १६ लाख ४० हजारांचं कोटेशन पाठवलंय, दोन्ही सोबत जोडते. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडून दोन्ही एक करायचं, ड्राय बाल्कनी आत घ्यायची, सगळीकडे पांढरा आणि राखाडी रंग, कपाटांना मुठी नाहीत. सासऱ्यांनी १९७४ मध्ये करून घेतलेलं सागवानी कपाट चित्रात कुठेच नाही. मुलगा म्हणतो, ते देऊन टाकू.

मला बदल नको आहे असं नाही. जुन्या ओट्याला मीही कंटाळले आहे. पण चित्रं पाहिली की वाटतं, एवढ्या देखण्या घरात मी कुकर कुठे ठेवू? यजमान म्हणतात, तुम्ही मायलेकरं काय ते ठरवा. हा खर्च जास्त आहे का? भिंत पाडावी का? कपाटाचं काय करू? आणि काम चालू असताना घरातच राहिलो तर चालेल का?

एक वाचक, कोथरूड

*

नमस्कार,

कुकरचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी तुमचं पत्र तिथेच धरून बसले. पाठवलेली सहाही चित्रं मोठी करून पाहिली. ओट्यावर एक पांढरी कुंडी, एक लाकडी पाट आणि तीन लिंबं आहेत. (थ्रीडी चित्रांत लिंबं का असतात, हे मला या धंद्यात तीस वर्षं काढूनही कळलेलं नाही.) कुकर नाही. मिसळणाचा डबा नाही, पाण्याचा फिल्टर नाही, केरसुणी नाही, सासूबाईंची औषधांची टोपली नाही. कपडे वाळत घालायची दांडीसुद्धा नाही. पुण्यात जुलैमध्ये कपडे कुठे वाळतात हे ज्याला माहीत नाही, त्यानं ही बाल्कनी आत घेतली आहे.

मुलाच्या मित्राला मी नावं ठेवत नाही. चित्रातला उजेड चांगला आहे, हॉलमधलं बसायचं त्यानं नीट जमवलंय. चूक एवढीच, की त्यानं माप घेतलं ते भिंतींचं, तुमचं घेतलं नाही. शिंप्याकडे आपण ब्लाउज टाकतो तेव्हा मापाचा जुना ब्लाउज देतो ना? तुमचं सध्याचं स्वयंपाकघर हा तुमचा मापाचा ब्लाउज आहे. कुठे घट्ट होतो, कुठे उसवलाय, कुठे बरोबर बसतो, ते त्यावरूनच कळतं. तेव्हा चित्रं जरा बाजूला ठेवा आणि आठवडाभर एक काम करा. एक वही घ्या आणि घरातल्या वस्तू लिहून काढा. शोभेच्या नकोत, वापराच्या. सगळ्यात मोठं पातेलं किती इंचांचं, पिठाचा डबा किती उंच, घरघंटी असेल तर ती, पुरणयंत्र, कुरडयांचा सोऱ्या, जास्तीच्या गाद्या, सतरंज्या, गणपतीचं मखर, पाट, समया, शिडी, गॅसचा जादा सिलिंडर, इस्त्रीचं टेबल. प्रत्येकाची लांबी-रुंदी-उंची टेपनं मोजून समोर मांडा. आणि मग डिझायनरला चित्रावर बोट ठेवून विचारा, हे कुठे? तो चांगला असेल तर या वहीनं खूश होईल. मला एखाद्या घरातून अशी वही मिळाली तर माझं निम्मं काम होतं.

तो पोरगा स्वतः स्वयंपाक करत नसेल, याची काळजी करू नका. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याचं मूळ १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये आहे. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी तिथल्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आपण तोवर ना घर चालवलं होतं ना स्वयंपाक केला होता, असं त्यांनीच पुढे सांगितलं. पण बायका चुलीपासून सिंकपर्यंत किती पावलं चालतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, याचा अभ्यास त्यांनी केला आणि रेल्वेच्या डायनिंग कारमधला चिमुकला मुदपाकखाना डोळ्यांसमोर ठेवला. तुमच्या डिझायनरला एक दिवस सकाळी साडेसहाला चहाला बोलवा आणि डबे भरून होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून ठेवा. तेवढं पुरेल.

ओट्याच्या उंचीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चित्राच्या बाजूला बारीक अक्षरात ३६ इंच लिहिलेलं दिसलं आणि मला धस्स झालं. पायात घरातल्या चपला घालून सरळ उभ्या राहा, कोपरातून हात काटकोनात वाकवा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की तुमच्या ओट्याची उंची मिळते. पाच फुटांच्या बाईला ती साधारण ३२ ते ३३ इंच येते. ३६ इंचांवर कणीक मळायला लागलात तर खांदे वर उचलून मळाल आणि वर्षभरात मान धराल. त्यात आणखी एक ग्यानबाची मेख आहे. शेगडी ओट्यावर ठेवली तर तिची स्वतःची चार-पाच इंच उंची, त्यावर कुकर, मग कुकरमध्ये डोकावायला तुम्हाला टाचा उंचवाव्या लागतात. म्हणून शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच खाली घ्या किंवा शेगडी दगडात बसवून घ्या. होणारी सून उंच असेल तर काय, असा प्रश्न मुलगा विचारेल. ती बेंगळुरूला राहणार आहे. ओटा रोज वापरणाऱ्या बाईच्या मापाचा.

पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा दाखवलाय. दिसतो छान. पण क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बसवलेला असतो. गरम कढई थेट टेकवली की रेझिन पिवळं पडतं, कधी तडकतं, आणि हळदीचा हात लागून राहिला तर डाग निघता निघत नाही. ज्या घरात रोज दोनदा फोडणी होते, तिथे मी काळा ग्रॅनाइट सोडून दुसरं सुचवत नाही. पांढऱ्याची हौस असेल तर ओट्यामागच्या टाइल्स पांढऱ्या लावा. आणि तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा दगड सलग घ्यायचा असेल तर जिन्याच्या वळणावर तो फिरतो का, हे आधी मोजा. नाहीतर जोड येणारच, मग तो जोड सिंकपाशी येऊ नये एवढं ठरवून घ्या.

ओट्याखाली आत्ता कडप्प्याचे खण असतील, त्या काळच्या बहुतेक घरांत आहेत. ते खणखणीत असतील तर फोडू नका. कडप्प्याला पाणी लागत नाही की वाळवी लागत नाही. त्यातच स्टीलच्या ट्रॉल्या बसवून बाहेरून नवी शटर्स लावली तर बाहेरून कोणाला कळणारही नाही. फक्त खणांची रुंदी ट्रॉल्यांच्या मापाशी जुळते का ते पाहावं लागतं, ओटा खाली घेताना खणांची उंचीही कापावी लागेल. सिंकखाली मात्र कडप्पाच हवा, तिथे प्लायवूड घालूच नये, कितीही भारी असलं तरी.

मुठींचंही सांगून टाकते. बिनमुठीचं शटर दाबून उघडतं किंवा वरच्या खाचेत बोटं घालून. कणकेच्या हातानं कोणतं उघडाल? सासूबाईंची बोटं वाकत नसतील तर त्यांना तर नाहीच. साध्या डीच्या आकाराच्या मुठी लावा. चार बोटं आत जातील अशा.

आता भिंत. तुमची इमारत कॉलम-बीमवर उभी असेल, तर मधली भिंत बहुधा साडेचार इंची विटांची आणि नुसती आडोशाची असेल. पण ‘बहुधा’वर भिंत पाडत नाहीत. पुण्यात त्या काळी तीन-चार मजली इमारती भिंतींवरच भार घेऊन उभ्या केलेल्याही आहेत. दरवाजाच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. नऊ इंच निघाली तर जास्तच सावध व्हा. मात्र निर्णय त्यावर घेऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, सोसायटीकडून मंजूर नकाशा घ्या, त्याचं लेखी मत घ्या आणि मग सोसायटीचं पत्र, महापालिकेची परवानगी, हे सगळं त्याच क्रमानं. कॉलम-बीमला कोणी छिन्नी लावतो म्हणाला तर त्याला जिन्यापर्यंत पोचवून या. ड्राय बाल्कनी आत घेणं हाही मंजूर नकाशातला बदल आहे, त्यालाही तोच नियम.

पण परवानगी मिळाली तरी भिंत सगळी पाडावी का? माझं मत विचारलंत तर नाही. सासूबाई दुपारी हॉलमध्ये टीव्ही बघत असतील आणि तुम्ही मिक्सर लावाल. बोंबील किंवा सुकट तुमच्याकडे होत नसेल कदाचित, पण मिरचीची फोडणी होते, आणि चिमणी कितीही ताकदीची घेतलीत तरी ठसका सोफ्याच्या कापडात जाऊन बसतो. त्या भिंतीत ओट्याच्या वर चार फुटांची खिडकी काढा, काचेचं सरकतं दार लावा. उजेड येईल, गप्पा मारता येतील, जेवणाची ताटं तिथूनच देता येतील, आणि फोडणी घालताना दार ओढून घेता येईल. ही खिडकीसुद्धा इंजिनिअरला विचारूनच. ड्राय बाल्कनी आहे तशीच राहू द्या. तुमच्याकडे भांड्यांना मावशी येत असतील तर त्या कुठे बसून घासणार, हे चित्रात कोणी दाखवलेलं नाही. त्यांच्यासाठी तिथली मोरी नीट करून घ्या, नळाची उंची त्यांना विचारून ठरवा, आणि वर छताला पुलीची दांडी लावा.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही. सोसायटीत पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे का? कोथरूडमधली १९९६ सालची, बिनलिफ्टची इमारत म्हटल्यावर माझ्या डोक्यात हा प्रश्न पहिला येतो. गेल्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा, कोणी बिल्डर येऊन गेलाय का ते सचिवांना विचारा. तिथेच स्ट्रक्चरल ऑडिटचा शेवटचा अहवालही मागा. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटली की दर तीन वर्षांनी करायचं असतं. पाच-सहा वर्षांत इमारत उतरवणार असतील तर भिंतीला ठोकलेल्या कपाटांवर आणि छतावरच्या जिप्समवर लाखो रुपये घालणं म्हणजे आळवावरचं पाणी. अशा वेळी फर्निचर सुटं करायचं, स्क्रूनं जुळवलेलं, उचलून नेता येईल असं.

कोटेशन वाचलं. तुमचा प्रश्न आहे खर्च जास्त आहे का. मला तो खर्च चुकीच्या जागी वाटला. फॉल्स सीलिंग आणि दिवे २ लाख १० हजार, टीव्हीमागची भिंत १ लाख ८५ हजार, स्वयंपाकघर ४ लाख ६० हजार, तीन वॉर्डरोब ३ लाख ९० हजार, पलंग आणि त्यामागचं पॅनेल १ लाख ४५ हजार, रंग १ लाख २० हजार, डिझायनरची फी १ लाख ३० हजार. आणि तळाशी दोन शब्द: जीएसटी वेगळा. १८ टक्क्यांनी तो २ लाख ९५ हजार २०० होतो, म्हणजे खरा आकडा १९ लाख ३५ हजार २००. त्यात बाथरूमसाठी एक रुपया नाही. वायरिंगला नाही. नळाच्या पाइपांना नाही. छत आणि टीव्हीची भिंत मिळून जवळजवळ पाव कोटेशन, आणि तीस वर्षांच्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपांना शून्य!

मी स्वतः हे एकदा केलंय. धंद्यात नवी होते, एका घरात भिंतभर व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा लावलं, पॉलिश आरशासारखं. मागच्या बाजूला बाथरूम होतं. दुसऱ्या पावसाळ्यात व्हेनिअर फुगून पापडासारखं सुटलं, कारण मागचा जुना पाइप पाझरत होता आणि तो मी पाहिलाच नव्हता. भिंत माझ्या खर्चानं पुन्हा केली. तेव्हापासून मी घरात शिरले की आधी बाथरूममध्ये जाते.

तुम्हीही तेच करा. दोन्ही बाथरूमच्या फरश्या निघणार असतील तर जुने पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे टाका, खालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) पाझरत असेल तर तो काढून वॉटरप्रूफिंग नव्यानं करा. तोडफोडीआधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जा, त्यांच्यासमोर त्यांच्या छताचे फोटो काढा आणि त्यांनाही पाठवा; आधीची ओल आणि नंतरची ओल यावरून होणारी भांडणं मी फार पाहिली आहेत. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप, म्हणजे जाळीखालची निचऱ्याची वाट, बंद करून बाथरूममध्ये चार इंच पाणी भरा, दोन-तीन दिवस तसंच ठेवा आणि खालचं छत बघा. कोरडं असेल तरच वरून फरशी. कंत्राटदार म्हणेल, अहो इतकं कशाला, आमची गॅरंटी आहे. गॅरंटीचा कागद ठेवून घ्या आणि पाणी भरा.

वायरिंगचं: १९९६ मध्ये तुमच्याकडे एसी नव्हता, ओव्हन नव्हता, बहुधा गीझरही एकच होता. आता दिव्यांना दीड चौरस एमएमची वायर, प्लगना अडीचची आणि एसी-गीझरला चारची वेगळी लाइन लागते. डीबीमध्ये, म्हणजे मेन स्विचच्या पेटीत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्याच, अर्थिंग तपासून घ्या, आणि महावितरणकडचा मंजूर भार वाढवावा लागतो का ते वायरमनला विचारा. वायरींसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. दहा वर्षांनी कोणी खिळा मारायला आलं की हे फोटो कामाला येतात.

पैसे कुठून आणायचे? बेडरूमची फॉल्स सीलिंग काढून टाका. जुन्या घरात छत मुळात साडेनऊ फुटांच्या आसपास, त्यात सहा इंच खाली आणलं की पंख्याची आणि डोक्याची जवळीक वाढते. हॉलमध्ये हवं तर कडेनं पट्टा करा. टीव्हीमागचं पॅनेल गेलं तर कोणी रडणार नाही. ते पैसे बाथरूमला.

वॉर्डरोबच्या ओळीत ‘बीडब्ल्यूपी प्लाय’ असं लिहिलंय आणि पुढे काही नाही. बीडब्ल्यूपी म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाप्रमाणे ७२ तास उकळत्या पाण्यात टिकणारं प्लाय. बेडरूममधलं कपाट कोणी उकळत नाही. तिथे आयएस ३०३ चं चांगलं प्लाय पुरतं. ७१० स्वयंपाकघरात आणि बाथरूमलगतच्या भिंतीला घ्या. कंपनीचं नाव, जाडी, आयएसआयचा शिक्का हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या, आणि माल आला की कापायच्या आधी शिक्के बघा. हे काम यजमानांना द्या. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्या माणसाला माल मोजायला बसवलं की त्याचा रस वाढतो, हा माझा अनुभव आहे. शिवाय दर चौरस फुटाला लावलाय तो समोरच्या भागावर. सात फूट रुंद, आठ फूट उंच कपाट म्हणजे ५६ फूट. त्यात आतले ड्रॉवर, कुलपं, वरचा माळा धरलाय की वेगळा, हे विचारा. बहुतेक भांडणं त्या एका ओळीत दडलेली असतात.

सागवानी कपाट ठेवा. भावनेपोटी म्हणत नाही, भावना असेल तर उत्तमच. पन्नास वर्षं वाळलेलं सागवान आज विकत घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल, आणि भंगारवाला ते जळाऊ लाकडाच्या भावानं उचलेल. एका कोपऱ्यात रंधा मारून पाहा, आत लाकूड सोन्यासारखं निघेल. जुनं पॉलिश उतरवून मॅट फिनिश केलं, आतले खण तुमच्या साड्यांच्या मापानं फिरवले, की तीनपैकी एक वॉर्डरोब करायची गरज उरणार नाही. पांढऱ्या-राखाडी खोलीत एक जुनं सागवानी कपाट फार सुरेख दिसतं, हे तुमच्या डिझायनरलाही माहीत असेल. त्याला ते आहे हेच कोणी सांगितलं नसेल. फक्त वाळवीचा माग आहे का ते पाठीमागून बघा. आणि इमारत उतरली तरी ते तुमच्याबरोबर येईल.

गणपतीपर्यंत काम संपवायचं डोक्यातून काढा. पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही आणि लाकडावरचं पॉलिश हवेतल्या दमटपणानं दुधाळ होतं. या दिवसांत एकच काम करा: घरभर ओल कुठे येते ते पेन्सिलीनं भिंतीवर तारखेसह खुणा करून ठेवा. बाहेरच्या भिंतीची ओल असेल तर ती सोसायटीनं दुरुस्त करायची, तुमच्या रंगकामाच्या आधी. गणपती उठले की तोडफोड सुरू करा. पितृपक्षात बरेच लोक नवीन काम काढत नाहीत, त्यामुळे गवंडी आणि प्लंबर मोकळे मिळतात. तुम्ही मानत असाल तर तोडणं म्हणजे नवीन काम नव्हे, असं सासूबाईंना विचारून बघा. दिवाळीच्या आधी प्लंबिंग, वायरिंग, फरशी आटपायला हवं, कारण दिवाळीला सुतार गावी गेले की दोन-तीन आठवडे परतत नाहीत. फर्निचर नोव्हेंबर-डिसेंबरात, रंग शेवटी. लग्नाआधी महिनाभर घर मोकळं राहिलं पाहिजे. प्लायचा, फेविकॉलचा आणि रंगाचा वास सासूबाईंच्या वयाच्या माणसाला सोसत नाही. खिडक्या उघड्या ठेवून तो जाऊ द्यावा लागतो.

त्यामुळे घरात राहून काम करायचं नाही. एका खोलीत काम, दुसऱ्या खोलीत आपण, हे तरुण जोडप्याला महिनाभर जमतं. सासूबाईंसाठी नको. जवळपास तळमजल्याचं किंवा लिफ्टचं घर तीन-चार महिन्यांसाठी भाड्यानं घ्या आणि ते भाडं खर्चाच्या यादीत आजच लिहा. लिफ्ट नसल्यामुळे हमाली आणि राडारोडा खाली नेण्याचा खर्चही लिहा. राडारोडा महापालिका सांगेल तिथेच टाकायचा, नदीकाठी नव्हे, हे कंत्राटदाराकडून लिहून घ्या. एकूण रकमेच्या दहा टक्के बाजूला ठेवा, ते लागतातच.

डिझायनर मुलाचा मित्र आहे, म्हणून करार करायला संकोच वाटेल. मित्र आहे म्हणूनच करा. पैसे तारखांवर द्यायचे नाहीत, झालेल्या कामावर द्यायचे: वॉटरप्रूफिंगची परीक्षा पास झाली की एक हप्ता, वायरिंग तपासलं की पुढचा. शेवटचे दहा टक्के घरात राहायला येऊन पंधरा दिवस झाल्यावर. त्या पंधरा दिवसांत कोणती ट्रॉली अडते, कोणत्या नळाखाली थेंब पडतो, ते सगळं कळतं.

मुलाशी बोलताना ‘नको’ या शब्दानं सुरुवात करू नका. निम्मे पैसे देतोय, उत्साहानं करतोय, आणि त्याला आईचं घर छान दिसावं असं वाटतंय. त्याला वही दाखवा. फोनवर पाठवू नका. तो आला की त्याच्याबरोबर बसा आणि चित्रावर पेन्सिलीनं कुकर काढायला लावा. तुमच्या लक्षात येईल की त्यालाही काही गोष्टी आठवतात. गाद्या कुठे ठेवायचो, मखर माळ्यावरून कोण काढायचं. डिझायनरला त्या गोष्टी त्यानं सांगितल्या तर तुम्ही सांगण्यापेक्षा लवकर ऐकल्या जातील.

आणि एक राहिलं. तुमच्या पत्रात सासूबाईंचं वय आहे, उंची नाही. बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला आणि शॉवरखाली आधाराची दांडी लागेल, तीही सक्शनची नको, विटेत बोल्ट मारून घट्ट बसवलेली. ती किती उंचीवर हवी ते त्यांना उभं करून, बसवून, त्यांचा हात सहज जिथे जातो तिथे खूण करून ठरवायचं. फरशी लावायच्या आधी ही खूण गवंड्याला मिळाली पाहिजे, कारण दांडीच्या जागी भिंत पोकळ नको. बाथरूमचा दरवाजा आत्ता अडीच फुटांचा असेल, तो तोडफोडीच्या वेळीच तीन फुटांचा होतो का ते इंजिनिअरला विचारा, आणि उंबरठा काढून टाका. उद्या त्यांना विचारून माप घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तुमची,
ताई